अंबडच्या गाडीचं पार्सल

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, मी खोटं सांगून जालन्याच्या बसस्टँडवर चार तास उभं केलं होतं. कुणीही न पाठवलेलं एक पार्सल अंबडच्या गाडीतून उतरवून घ्यायला मी त्यांना धाडलं. कारण एवढंच, की त्या दिवशी ऑस्ट्रेलियात आपली फलंदाजी चालू होती आणि दाजी घरात आले की आपला गडी बाद होतो, असं मी ठरवून टाकलं होतं.

वाचणाऱ्याला यात हसू येईल. मलाही बरेच दिवस यायचं. ऑफिसात दोघाचौघांना मी हा किस्सा रंगवून सांगितलाही होता. पुढे तो सांगवेनासा झाला.

दाजी बदनापूरचे. संशोधन केंद्राच्या शेतावर त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. तुरीच्या वाणांच्या ओळी मोजायच्या, शेंगा मोजायच्या, कोणत्या ओळीला मर रोग लागला त्याची नोंद ठेवायची. ताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होतो. तोवर क्रिकेट म्हणजे मला मस्तगडच्या गल्लीतलं फळकुटाचं क्रिकेट ठाऊक होतं. पहिल्या दिवाळसणाला दाजी आमच्याकडे आले ते रेडिओ घेऊनच. कसोटी सामना चालू होता. समालोचनातलं मला काही कळेना. तेव्हा त्यांनी आईकडून परात मागून घेतली, तिच्यात तुरीचे दाणे मांडले आणि ही स्लिप, ही गल्ली, हा मिडऑफ असं दाखवत गेले. गोलंदाज बदलला की दाणे सरकवायचे. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दाणे सरकवत होतो. आई म्हणाली, जावयानं सणाला येऊन आमच्या पोराला बिघडवलं.

पुढे एक दिवसाचे सामने वाढले, वीस षटकांचे आले. दाजींना त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, "ते मुगासारखं हाय. पेरलं, साठ दिवसांत काढलं, मोकळं झालं. कसोटी म्हणजे तूर. सहा महिने रानात उभं राहावं लागतं तिला." हे वाक्य मी नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात इतक्यांदा वापरलं, की तिथं ते माझंच आहे असं समजतात. तेही मी कधी दुरुस्त केलं नाही.

आमच्या घरात मॅच बघण्याचे काही नियम होते. भागीदारी जमली की जो जिथं बसला असेल त्यानं तिथून हलायचं नाही. मी पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात. बायकोचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही, तरी एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी असताना लागोपाठ दोन चौकार गेले, म्हणून मी तिला पुढचं षटकभर तिथंच उभं ठेवलं. ती म्हणाली, "त्या बॅटिंग करणाऱ्याला माझी कणीक दिसून राह्यली का?" पण उभी राहिली. असल्या गमतीजमतीत आमचा हिवाळा चांगला जायचा. नियम सगळ्यांना सारखे होते, तोवर त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग ती मालिका आली. करोनाची पहिली लाट ओसरली होती, तोंडाला मास्क होते, आणि आपली टीम ऑस्ट्रेलियात गेली होती. पहिल्या कसोटीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी काही कामानं जालन्यात आले आणि कामाआधी आमच्याकडे डोकावले. त्यांनी चपला काढल्या तेव्हा धावफलकावर पंधरा धावा होत्या. तो पंधरावरच थांबला आणि चार गडी गेले. सगळा डाव छत्तीस धावांत आटोपला. आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. मी चेष्टेत म्हणालो, "दाजी, काय पायगुण म्हणावा तुमचा." सगळे हसले. दाजीही हसले आणि म्हणाले, "आता मी आलो न्हाई म्हणजे जिंकतेत बघ." दुसऱ्या कसोटीला ते आले नाहीत, आणि आपण खरंच जिंकलो.

तिसऱ्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी ते आले. सिडनीला आपला यष्टिरक्षक असा काही खेळत होता, की हरता हरता जिंकू असं वाटायला लागलं होतं. दाजी येऊन खुर्चीत टेकले आणि तो सत्त्याण्णववर बाद झाला. या वेळी मी चेष्टा केली नाही. नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं. "मी जरा बाहेर ओट्यावर बसतो. ऊन चांगलं पडलंय," असं म्हणून ते उठले. बसा हो, कुठं निघालात, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी म्हणालो नाही. ते दोन-अडीच तास बाहेर बसले आणि आत आपल्या दोन जायबंदी खेळाडूंनी दिवस काढून सामना वाचवला. मला तीन सामन्यांचा पुरावा मिळाला. आमच्या धंद्यात तीन हंगाम सारखा निकाल आला की वाण पक्का धरतात.

चौथी कसोटी ब्रिस्बेनला. मालिका बरोबरीत. तिथं ऑस्ट्रेलिया कित्येक वर्षांत हरली नव्हती. शेवटच्या दिवशी आपल्याला सव्वातीनशे धावा करायच्या होत्या. मी रजा टाकली आणि पहाटे साडेपाचपासून माझ्या कोपऱ्यात बसलो. सातच्या सुमारास दाजींचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "येऊन राह्यलो रे मी. हरभऱ्याचे डहाळे उपटलेत, घेऊन येतो. सोबत बसून बघू." मी "या, या" म्हणालो. फोन ठेवला आणि त्या क्षणापासून मॅचमध्ये माझं लक्ष राहिलं नाही. त्यांना घरात कसं येऊ द्यायचं नाही, याचाच मी विचार करत होतो.

आमच्याकडे एसटीच्या ड्रायव्हरजवळ पार्सल द्यायची पद्धत आहे. तालुक्याहून काही आणायचं असलं की तिकडचा माणूस बसमध्ये देतो, इकडचा माणूस स्टँडवर उतरवून घेतो. बियाण्याचे नमुने तर आमच्याकडे कायम असेच येतात. दाजींना ते ठाऊक होतं. पावणेनऊला त्यांची मोटारसायकल वाजली तसा मी उठून फाटकाबाहेर गेलो. त्यांनी पाठीमागची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. हिरवेगार डहाळे, अजून दव होतं त्यांच्यावर. मी पिशवी घेतली आणि म्हणालो, "दाजी, एक अर्जंट काम होतं. अंबडहून नमुन्याची थैली येणार आहे गाडीत. कोणत्या गाडीला दिलीय ते काही कळलं नाही. मला ऑफिसचा फोन येणार आहे, नाहीतर मीच गेलो असतो."

त्यांनी हेल्मेट पूर्ण काढलंही नव्हतं. ते पुन्हा डोक्यावर सारलं आणि म्हणाले, "आणतो की. त्यात काय."

मी त्यांना आत बोलावलं नाही. पाणी विचारलं नाही. जावई दारात आला आणि मी त्याला उंबऱ्यावरूनही नव्हे, फाटकावरूनच परत लावलं. माझे आईवडील असते तर त्या दिवशी मला घरात जेवण मिळालं नसतं.

अंबडची गाडी अर्ध्या-पाऊण तासाला एक येते. मी आत बसून डहाळे सोलत होतो. एक गडी नव्वदीत गेला, पण बाकीचे उभे होते. दुसऱ्या टोकाला एक जण अंगावर चेंडू घेत घेत थांबला होता. हेल्मेटवर, बरगडीवर, बोटांवर. दाजी असते तर म्हणाले असते, ही तूर हाय. हे मला तेव्हा सुचलं आणि मी ते वाक्य दाबून टाकलं.

साडेअकराच्या पुढं त्यांचा फोन आला. "चार गाड्या बघितल्या. न्हाई आलं अजून. काय करू?"

तेव्हा शंभरेक धावा हव्या होत्या. बायको माझ्याकडे बघत होती. मी फोनवर हात ठेवला. ती हळू आवाजात म्हणाली, "कसलं पार्सल?" मी टीव्हीकडे बघितलं, तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, "बोलवा त्यांना. आत्ताच्या आत्ता." मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "येईल दाजी. थांबा अजून थोडं."

पलीकडून स्टँडचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बराबर," आणि फोन ठेवला.

आपण जिंकलो. एक वाजून गेला होता. गल्लीत फटाके वाजले, मी कितीतरी जणांना फोन केले. दीडच्या पुढं दाजी आले. मास्क हनुवटीवर, चपला धुळीनं पांढऱ्या. "न्हाई आलं बघ पार्सल. एकूण एक कंडक्टरला इचारलं." मी म्हणालो, "उद्या येईल मग." ते म्हणाले, "जिंकलो न्हाई का?" मी हो म्हणालो आणि त्यांना टीव्हीवर पुन्हा दाखवत होते ते शेवटचे फटके बघायला लावलं. त्यांनी ते दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानंच पाहिले. खुर्ची रिकामी होती. खाली वर्तमानपत्रावर हरभऱ्याच्या टरफलांचा ढीग पडला होता. त्यांच्यासाठी म्हणून एकही डहाळा ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

बायकोनं त्यांना जेवायला वाढलं, आग्रहानं वाढलं. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. नंतरही दाजींचा विषय निघाला की ती मला एवढंच विचारायची, "आलं का पार्सल?"

त्यानंतर दाजी मॅचच्या दिवशी आमच्याकडे कधी आले नाहीत. दिवाळीला आले, बारशाला आले, आईच्या श्राद्धाला आदल्या दिवसापासून राहिले. वागणं तेच, बोलणं तेच. मॅचला बोलावलं की मात्र रानात काम निघायचं, गुडघा दुखायचा. मी चारदा बोलावलं असेल. जास्त जोर केला नाही, कारण जोर केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

चार वर्षं गेली. पुन्हा ऑस्ट्रेलियातली मालिका आली. डिसेंबरात ताईला फोन केला तेव्हा मी सहज म्हणालो, दाजी बघतात ना मॅच? ताई म्हणाली, "बघतात कुठं. टीव्ही लावून देतात आन् बाहेर जाऊन बसतात. मलाच इचारतात, किती झाले, किती झाले. म्हणतात, मी बसलो की गडी पडतो. म्हातारपणी हे काय नवीन खूळ घेतलं डोक्यात, तूच सांग बाई त्यांना." ती मला "बाई" म्हणाली, इतकी वैतागली होती.

ज्या माणसानं मला परातीत मैदान मांडून दाखवलं, तो स्वतःच्याच घरात टीव्हीसमोर बसत नव्हता. आणि हे खूळ त्याचं नव्हतं, माझं होतं.

मेलबर्न कसोटीच्या शेवटच्या दिवशी मी रजा काढून पहाटेच मोटारसायकलनं बदनापूरला गेलो. थंडी अशी, की हात हँडलला चिकटले होते. दाजींनी अंगणात शेकोटी केली होती. मला बघून खूश झाले. ताईनं मला आत बसवलं. दाजी दारातच घुटमळत होते, म्हणून मी त्यांना हाताला धरून आत आणलं. ते टेकले आणि एकाच षटकात दोन गडी गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन बाद तेहतीस. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि उठले. "तूर झोडायची राह्यली," म्हणाले.

तूर नुकतीच काढून आणली होती. मागच्या अंगणात पेंढ्या रचल्या होत्या. पुढचे दोन तास मी आत मॅच बघत होतो आणि बाहेरून काठीचा आवाज येत होता. धप, धप. गडी पडत नव्हता. मधूनच आवाज थांबायचा आणि ते ओरडून विचारायचे, "किती झाले गं?" ताई ओरडून सांगायची. ती मला म्हणाली, "बघ, ह्यांचं खूळ खरं होऊन राह्यलं." माझ्या मनातसुद्धा आलं. राहू द्यावं का बाहेर? दिवस निघून जाईल, सामना वाचेल, मग सांगू काय सांगायचं ते. हा विचार चार वर्षांपूर्वीचाच होता. मी ओळखला त्याला.

चहाची सुट्टी झाली. मी मागे गेलो. "दाजी, आत चला."

"अरे, दोन तास झाले, एक गडी पडला न्हाई. कशाला?"

"पडू द्या. तुम्ही माझ्याजवळ बसायचं."

"डोकं फिरलं का तुझं? मॅच वाचून राह्यली."

मी काठी त्यांच्या हातातून घेतली. ते कुरकुरत आले. ताईनं धपाटे आणि दही आणलं. आम्ही शेजारी शेजारी बसलो. थोड्याच वेळात आपला गडी गेला. दाजी उठायला लागले, मी त्यांचं मनगट धरलं. दुसरा गेला. ते पुन्हा उठले, मी पुन्हा बसवलं. तिसरा गेला तेव्हा ते म्हणाले, "सोड की लेका." मी सोडलं नाही. मला सामना हवा होता, खोटं कशाला सांगू. पण मनगट धरून बसलो होतो तेवढा वेळ मला बरंही वाटत होतं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. सातही गडी गेले. आपण हरलो. मालिका जिंकायची आशाही गेली.

ताई ताटं उचलून आत गेली. दाजी दह्याची वाटी बोटानं पुसत म्हणाले, "म्हणलं व्हतं तुला."

तेव्हा मी सांगितलं. "दाजी, ते अंबडच्या गाडीचं पार्सल कुणी पाठवलंच नव्हतं."

"माहितंय मला."

ते सांगायला लागले, अगदी मजेत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं त्यांना विचारलं होतं, काका, पार्सल दिलं कुणी, माणसाचं नाव तर सांगा. नाव मी सांगितलंच नव्हतं. तिथंच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मग एका ड्रायव्हरच्या मोबाईलवर ते स्कोअर ऐकत बसले. जिंकल्यावर ड्रायव्हरनं चहा पाजला. "चांगला माणूस व्हता," दाजी म्हणाले. "गेवराईचा. अजून कधी दिसला तर हात करतो."

मी विचारलं, "मंग परत का न्हाई आलात?"

"येऊन काय करू? तू दुसरं काम सांगितलं असतंस. आन् मलाबी वाटलं, असंल बाबा आपल्यात काही. जिंकून राह्यले ना पोरं, मंग थांबू की."

"आणि फोन कशाला केलात मंग?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणलं, आता तरी बोलावतोय का बघावं."

बाहेर अंगणात झोडलेली तूर पसरलेली होती आणि चिमण्या उतरल्या होत्या. ताई आतून म्हणाली, चहा ठेवू का. दाजींनी ठेव म्हणून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते मला यातून सोडवायला निघाले होते, विषय बदलून चिमण्यांना हाकलायला उठत होते. मला कळलं, की पार्सलचं खरं सांगून मी फक्त माझं ओझं उतरवलंय. जे म्हणायचं ते अजून म्हटलेलंच नाही.

मी त्यांना पुन्हा हाताला धरून बसवलं. पाया पडलो. ते "अरे अरे" करत पाय मागे घ्यायला लागले. मी म्हणालो, "दाजी, शुक्रवारी सिडनीची मॅच सुरू होते. तुम्ही आणि ताई आदल्या दिवशीच या. टीव्हीसमोरची खुर्ची तुमची, आपण हरलो तरी तुमचीच. मी तुम्हाला फाटकावरून परत लावलं, पाणी विचारलं नाही, तुम्ही फोन केलात तरी बोलावलं नाही. तुमच्या पायानं कधी कुणी बाद झालं नाही. चुकलं माझं."